अँटेना ठीक, मग आकडा का नाचतो?

नाशिकमध्ये गच्चीवरच्या हॅम (हौशी रेडिओ) अँटेनाला अ‍ॅनालायझर जोडला, की कधीकधी आकडा ठरतच नाही. अँटेनाला कुणी हातही लावलेला नसतो.

हे यंत्र अँटेनाकडे क्षीण लहर पाठवतं आणि किती परत आली ते मोजतं. परतीचं प्रमाण सांगणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर. पण अँटेना बाहेरचंही गोळा करते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरचं एखादं एफएम केंद्र जवळ असेल, तर साध्या यंत्राला आपली लहर कोणती, परकी कोणती, हे उमगत नाही. नाशिक ढोलाच्या पथकाशेजारी स्वतःच्या कुजबुजीचा प्रतिध्वनी ऐकू पाहावा, तसंच हे!

यंत्र आणि अँटेना जोडणाऱ्या केबलची लबाडी मात्र जास्त वाईट, कारण ती गोड वाटते. लांब किंवा पावसाचं पाणी मुरलेली केबल लहर जातानाही खाते, येतानाही. परत येते थोडी, आणि टाकाऊ अँटेनाही उत्तम भासते. म्हणून शक्य असेल तर यंत्राचं प्रमाणीकरण (कॅलिब्रेशन) केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करावं.

अँटेना उतरवण्याआधी तिच्या जागी ५० ओहमचा चांगला डमी लोड, म्हणजे लहर परत न पाठवणारा रोधक, जोडून पाहा. एसडब्ल्यूआर १ च्या आसपास स्थिर राहिला, तर यंत्राला दोष देऊ नका.