सान्तियागोची तीर्थवाट आणि मार्गदर्शित समूहसहल : एक विवेचन

बीजसंज्ञा : तीर्थयात्रा, कामिनो, सान्तियागो दे कॉम्पोस्तेला, समूहपर्यटन, कंपोस्तेला प्रमाणपत्र

प्रस्तावना :

मध्ययुगीन ख्रिस्ती जगतात जेरुसलेम आणि रोम यांच्या जोडीने ज्या तीर्थक्षेत्राचे नाव घेतले जात असे, ते म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रांतातील सान्तियागो दे कॉम्पोस्तेला. येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी एक, जब्दीचा पुत्र याकोब, याची समाधी येथे असल्याची श्रद्धा आहे. या स्थळाकडे जाणाऱ्या वाटांना स्पॅनिश भाषेत 'कामिनो' म्हणजे 'वाट' असे म्हणतात. आज या वाटेवर एकट्याने चालणाऱ्या यात्रेकरूंप्रमाणेच पर्यटन संस्थांनी आखलेल्या, मार्गदर्शक सोबत असलेल्या समूहसहलीही मोठ्या संख्येने दिसतात. अशा सहलीतून जाणाऱ्या व्यक्तीस यात्रेकरू म्हणावे की पर्यटक, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. प्रस्तुत लेखात या वाटेची ऐतिहासिक पार्श्वभूमी, समूहसहलीचे स्वरूप आणि तिच्याविषयीचा वाद यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

इ. स. च्या नवव्या शतकाच्या पूर्वार्धात इरिया फ्लाव्हियाचा बिशप थिओडोमीर याच्या काळात याकोबाची समाधी सापडल्याचे परंपरा सांगते. अस्तुरियाचा राजा दुसरा अल्फोन्सो याने तेथे चर्च उभारले. समाधीविषयीची कथा श्रद्धेचा विषय असली, तरी थिओडोमीर ही ऐतिहासिक व्यक्ती होती. इ. स. 847 मध्ये निधन झालेल्या या बिशपचा थडग्यावरील शिलालेख 1955 मधील उत्खननात कॅथेड्रलखाली मिळाला. आजच्या कॅथेड्रलचे बांधकाम 1075 मध्ये सुरू झाले.

बाराव्या शतकातील 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे यात्रेकरूंसाठीची मार्गदर्शिका होय. मुक्कामाची ठिकाणे, नद्यांच्या पाण्याचे गुणदोष, जादा पैसे उकळणारे नावाडी आणि वाटेतील लोकांच्या चालीरीती यांची माहिती तीत दिलेली आहे. याचाच अर्थ असा की, यात्रेकरूस मार्गदर्शन करण्याची गरज या वाटेइतकीच जुनी आहे.

धर्मसुधारणेची चळवळ, युद्धे व रोगराई यांमुळे सोळाव्या शतकापासून या यात्रेस उतरती कळा लागली. तिचे आधुनिक पुनरुज्जीवन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. ओ सेब्रेरो या डोंगरी गावाचे धर्मगुरू एलियास व्हालिन्या यांनी 1980 च्या दशकात वाटेवर पिवळे बाण रंगविले. तेच बाण आज कामिनोची ओळख बनले आहेत. 1987 मध्ये युरोप परिषदेने या वाटेस पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले, तर 1993 मध्ये स्पेनमधील मार्गाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

वाट आणि तिचे नियम :

अनेक मार्गांपैकी 'फ्रेंच मार्ग' सर्वाधिक प्रचलित आहे. फ्रान्सच्या सीमेवरील सँ-झाँ-प्ये-द-पोर येथून पिरनीज पर्वत ओलांडून पाम्प्लोना, बुर्गोस, लेओन या शहरांमार्गे तो सुमारे 780 किलोमीटर अंतर कापतो. संपूर्ण मार्ग पायी चालण्यास साधारणतः पाच आठवडे लागतात.

यात्रेकरू आपल्याजवळ एक यात्रापत्र बाळगतो. चर्च, यात्रीनिवास, उपाहारगृहे येथे त्यावर शिक्के घेतले जातात. सान्तियागो येथील यात्रेकरू कार्यालयात हे पत्र तपासून 'कंपोस्तेला' हे लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र दिले जाते. त्यासाठी किमान 100 किलोमीटर पायी अथवा घोड्यावरून, किंवा 200 किलोमीटर सायकलने प्रवास करणे आणि दररोज किमान दोन शिक्के घेणे आवश्यक असते. यात्रेमागे धार्मिक वा आध्यात्मिक हेतू, निदान शोधाची वृत्ती असावी, अशीही अपेक्षा असते.

या नियमामुळे सान्तियागोपासून सुमारे 115 किलोमीटरवर असलेल्या सारिया या गावास विलक्षण महत्त्व आले. फ्रेंच मार्गावर शंभर किलोमीटरची अट पूर्ण करण्यासाठी सोयीचे असे हे आरंभस्थान आहे. प्रमाणपत्र घेणाऱ्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक यात्रेकरू सारियाहून निघालेले असतात. 2019 मध्ये सुमारे 3 लाख 47 हजार, तर 2023 मध्ये सुमारे 4 लाख 46 हजार यात्रेकरूंची नोंद या कार्यालयात झाली.

मार्गदर्शित समूहसहलीचे स्वरूप :

समूहसहलींचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात समूह सारिया ते सान्तियागो हे अंतर पाच ते सहा दिवसांत पूर्णपणे पायी चालतो. पोर्तोमारीन, पालास दे रेइ, आर्सुआ, पेद्रोउसो हे नेहमीचे मुक्काम होत. सामान वाहनाने पुढील मुक्कामी पोहोचविले जाते. यात्रेकरूच्या पाठीवर पाणी, पावसाळी अंगरखा आणि यात्रापत्र एवढेच ओझे असते. निवासाची आगाऊ नोंदणी झालेली असल्याने रात्री जागा मिळेल की नाही, याची चिंता उरत नाही.

दुसऱ्या प्रकारात बस सोबत असते. संपूर्ण फ्रेंच मार्गावरील निवडक टप्पेच पायी चालले जातात आणि उर्वरित अंतर बसने कापले जाते. थकलेल्या सहभागींना ठरलेल्या ठिकाणी बसमध्ये बसता येते. मात्र प्रमाणपत्रासाठी मोजल्या जाणाऱ्या 100 किलोमीटरमधील एखादा टप्पा बसने केल्यास त्या व्यक्तीचा प्रमाणपत्रावरील हक्क राहत नाही. ही बाब आरंभीच स्पष्ट करणे हे मार्गदर्शकाचे प्राथमिक कर्तव्य ठरते. अन्यथा शेवटच्या दिवशी कार्यालयाच्या खिडकीपाशी मोठा विरस होतो.

मार्गदर्शकाचे दुसरे कार्य अर्थबोधाचे आहे. उदाहरणार्थ, पोर्तोमारीन येथील किल्ल्यासारखे भासणारे चर्च मूळ जागी नाही. 1960 च्या दशकात मिन्यो नदीवर धरण झाल्याने जुने गाव पाण्याखाली गेले आणि हे चर्च दगडा-दगडाने उचलून उंचावर पुन्हा उभारण्यात आले. हे सांगणारे कोणी नसेल, तर यात्रेकरू केवळ एक जुनी वास्तू पाहून पुढे जातो.

वादाचे स्वरूप :

समूहसहलींवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला म्हणजे कष्टाविना यात्रेला अर्थ नाही. दुसरा म्हणजे समूहाच्या गर्दीमुळे वाटेवरील शांतता आणि अनोळखी माणसांशी होणारा संवाद हरपतो. व्हिक्टर व एडिथ टर्नर यांनी 1978 च्या आपल्या ग्रंथात यात्रेतील समतेच्या अनुभवास विशेष महत्त्व दिले आहे. दर्जा, व्यवसाय, संपत्ती यांचे भेद यात्रेत काही काळ गळून पडतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याच गटात जेवणारा आणि राहणारा सहभागी या अनुभवास मुकतो, असे म्हणता येईल. तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे. लहान गावांतील मर्यादित खाटांची आगाऊ नोंदणी झाल्यास दूरवरून चालत आलेल्या एकट्या यात्रेकरूस जागा मिळणे कठीण होते. त्यामुळेच अनेक सार्वजनिक व धर्मादाय यात्रीनिवासांत आगाऊ नोंदणी स्वीकारली जात नाही आणि वाहन सोबत असलेल्या समूहांना प्रवेश नसतो.

तथापि या आक्षेपांची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. मध्ययुगातील यात्रेकरू एकटा चालत असे, ही समजूत अर्धसत्य आहे. चोर-दरोडेखोरांच्या भयामुळे अनेकजण समूहानेच जात. पंधराव्या शतकात इंग्लंडमधील यात्रेकरूंचे जथे राजाचा परवाना असलेल्या जहाजांतून गालिसियाच्या किनाऱ्यावर उतरत. धनिक लोक घोड्यावरून व सेवकांसह प्रवास करीत, तर काहीजण मोबदला देऊन आपल्या वतीने दुसऱ्यास पाठवीत. सोय, समूह आणि पैसा हे घटक या वाटेला नवे नाहीत.

शिवाय वार्धक्य, आजारपण अथवा भाषेची अडचण यांमुळे ज्यांना एकट्याने निघणे अशक्य आहे, त्यांच्यासाठी समूहसहल हाच एकमेव मार्ग असतो. सत्तरीतील व्यक्ती हलके ओझे घेऊन रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालते, तेव्हा तिचे कष्ट तरुणाने पाठीवर पिशवी घेऊन केलेल्या कष्टांपेक्षा कमी असतात, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. गालिसियाच्या ग्रामीण भागातून लोकसंख्या सातत्याने घटत असताना वाटेवरील लहान गावांना यात्रेकरूंमुळेच रोजगार मिळतो, हेही नाकारता येत नाही.

जॉन ईड व मायकेल सॅलनो यांनी 1991 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात तीर्थक्षेत्र हे परस्परविरोधी अर्थांच्या स्पर्धेचे स्थान असल्याची भूमिका मांडली आहे. कामिनोस ती विशेष लागू पडते. चर्चच्या दृष्टीने ही प्रायश्चित्ताची व प्रार्थनेची वाट आहे, तर शासनाच्या दृष्टीने वारसा आणि उत्पन्नाचे साधन. चालणाऱ्यास ती कधी दुःख विसरण्याची, कधी केवळ स्वतःस तपासण्याची वाट वाटते.

निष्कर्ष :

1) समूहसहल ही कामिनोच्या परंपरेची विकृती नसून तिच्या जुन्या समूहयात्रेचे आधुनिक, व्यापारी रूप आहे.

2) यात्रेकरू व पर्यटक यांतील सीमारेषा प्रवासाच्या साधनांवरून आखता येत नाही. प्रमाणपत्राचा नियम अंतर मोजू शकतो, परंतु हेतूबाबत यात्रेकरूच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.

3) खरी समस्या यात्रेच्या शुद्धतेची नसून मर्यादित साधनांच्या न्याय्य वाटपाची आहे. सारियानंतरच्या टप्प्यात होणारी गर्दी इतर मार्गांवर व इतर महिन्यांत विभागली गेल्यास तिचा ताण कमी होऊ शकेल.

4) मार्गदर्शकाची भूमिका यात निर्णायक आहे. तो केवळ वेळापत्रक पाळणारा असेल, तर समूह पर्यटकच राहतो. मात्र वाटेचा इतिहास सांगून चालणाऱ्यास काही काळ एकांतात सोडण्याचे भान त्याला असेल, तर त्याच समूहातून यात्रेकरू घडू शकतात.