अपराधभाव, लज्जा आणि आत्मरती : मनोविश्लेषणातील सदसद्विवेकाचा विचार

प्रस्तावना :

‘मन खाते’ आणि ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’ हे दोन मराठी वाक्प्रयोग पुष्कळदा एकाच प्रसंगी उच्चारले जातात. तथापि त्यांमागील अनुभव एक नाही. पहिल्यात माणसाला आतून काहीतरी कुरतडत असते. बाहेर कोणाला ते ठाऊक असो वा नसो. (जर्मन भाषेतही या अवस्थेला ‘सदसद्विवेकाचे चावे’ अशा अर्थाचा शब्द आहे.) दुसऱ्यात माणूस कोणाच्या तरी नजरेपुढे उभा असतो आणि धरणीने पोटात घ्यावे असे त्याला वाटते. पहिला अनुभव अपराधभावाचा, तर दुसरा लज्जेचा होय. लज्जा हा शब्द येथे विनय वा संकोच या अर्थी नसून स्वतःच्या कमीपणाची दाहक जाणीव या अर्थी योजला आहे.

मनोविश्लेषणाने या दोहोंपैकी अपराधभावाचा विचार आधी आणि अतिशय तपशिलाने केला. लज्जेकडे त्याचे पुरेसे लक्ष वळण्यास अनेक दशके जावी लागली. हा विलंब का झाला आणि त्याचा आत्मरतीच्या आकलनाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सदसद्विवेकाचे उगमस्थान :

सदसद्विवेकबुद्धी ही माणसाला जन्मतः लाभलेली देणगी आहे, हे मत सिग्मंड फ्रॉईड (१८५६-१९३९) यांना मान्य नव्हते. लहान मुलाला पाप-पुण्य कळत नाही. आईवडिलांचे प्रेम गमावण्याचे भय तेवढे कळते. हे बाहेरचे भय आत शिरते आणि आईवडील समोर नसतानाही त्यांचा अधिकार मनात चालू राहतो. या आंतरिक अधिकाऱ्याला फ्रॉईड यांनी १९२३ साली ‘पराहं’ हे नाव दिले. परंतु त्याची रूपरेषा त्याआधी नऊ वर्षे, १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मरतीवरील निबंधात आढळते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सदसद्विवेकाचा शोध आत्मप्रेमाच्या विवेचनात लागावा, हे वरवर विचित्र वाटते.

फ्रॉईड यांची मांडणी अशी आहे. तान्हे मूल स्वतःच स्वतःचा आदर्श असते. घरातील मोठी माणसेही त्याला राजाच मानतात. त्यांनी स्वतः सोडून दिलेले आत्मप्रेम त्या मुलाच्या रूपाने परत येत असते. पुढे दटावणी आणि तुलना सुरू झाली की हे राजेपण टिकत नाही. मात्र माणूस एकदा भोगलेले सुख सहजासहजी सोडत नाही. तो आपले हरवलेले पूर्णत्व एका आदर्शात, म्हणजेच अहं-आदर्शात, साठवून ठेवतो आणि मनातील एक पहारेकरी प्रत्यक्ष ‘मी’ची त्या आदर्शाशी सतत तुलना करीत राहतो. हा पहारेकरी म्हणजेच सदसद्विवेक. आत्मप्रेम आणि आत्मनिंदा यांचे मूळ असे एकाच ठिकाणी आहे.

याहून अस्वस्थ करणारा विचार १९३० सालच्या संस्कृतीविषयक ग्रंथात येतो. न्यायाने पाहता सदाचारी माणसाचे मन निश्चिंत असावयास हवे. प्रत्यक्षात जो जितका सदाचारी, तितका त्याचा पराहं अधिक कठोर आणि संशयी असतो; साधुपुरुष स्वतःला सर्वांत मोठे पापी म्हणवतात. फ्रॉईड यांच्या मते दाबून टाकलेली आक्रमकता नाहीशी होत नाही. ती पराहंच्या हाती जाते आणि ‘मी’वरच उगारली जाते. म्हणून प्रत्येक संयमाबरोबर आतला चाबूक अधिक जड होतो. सौम्य आईवडिलांच्या मुलांतही कठोर सदसद्विवेक का दिसतो, याचे उत्तर येथे मिळते. मुलाच्या पराहंची कठोरता आईवडिलांच्या कठोरतेइतकीच असते असे नाही, हे मेलानी क्लाईन यांनी बालकांच्या विश्लेषणातून दाखविले होते आणि फ्रॉईड यांनी ते मान्य केले होते.

याचा अर्थ असा की, टोचणीची तीव्रता हे अपराधाचे प्रमाण नव्हे. १९१६ साली फ्रॉईड यांनी काही रुग्णांविषयी लिहिले होते की, त्यांच्या बाबतीत अपराधभाव आधी होता आणि गुन्हा नंतर घडला. निनावी टोचणीला एखादे ठोस कृत्य चिकटवता आले की त्यांना हायसे वाटे.

लज्जेचे विस्मरण :

१९२३ नंतर फ्रॉईड यांच्या लेखनात अहं-आदर्श आणि पराहं हे शब्द जवळजवळ समानार्थी झाले. आदर्शाला न पोहोचणे आणि नियम मोडणे यांतील अंतर त्यामुळे पुसट झाले. लज्जेचा उल्लेख फ्रॉईड यांनी १९०५ सालीच केला होता. पण तो किळस व नीतिभावना यांच्या जोडीने कामप्रेरणेला अडविणारा एक बांध म्हणून. मनोविश्लेषणाच्या दरबारात लज्जेला स्वतंत्र आसन मिळाले नाही.

ते मिळवून देण्याचा महत्त्वाचा प्रयत्न शिकागो येथील मनोविश्लेषक गेरहार्ट पियर्स आणि मानवशास्त्रज्ञ मिल्टन सिंगर यांच्या १९५३ सालच्या पुस्तकात आढळतो. पियर्स यांच्या मते पराहंने आखलेली सीमा ओलांडली की अपराधभाव निर्माण होतो, तर अहं-आदर्शाने ठेवलेले ध्येय गाठता आले नाही की लज्जा. अपराधभावामागे शिक्षेचे भय असते. लज्जेमागे टाकून दिले जाण्याचे. याच पुस्तकात सिंगर यांनी समाजांची ‘लज्जाप्रधान’ आणि ‘अपराधप्रधान’ अशी विभागणी तपासून तिच्याविषयी शंका घेतल्या. रूथ बेनेडिक्ट यांच्या १९४६ सालच्या जपानविषयक ग्रंथामुळे ही विभागणी लोकप्रिय झाली होती. भारतीय समाजावरही ‘चार लोक काय म्हणतील’ एवढ्या आधारावर असे शिक्के मारले जातात. ज्या भाषेत ‘मन खाते’ असे सहज म्हटले जाते, त्या भाषिकांना आतली टोचणी अपरिचित आहे असे मानणे हास्यास्पद होय.

१९७१ साली हेलेन ब्लॉक लुईस यांनी मानसोपचाराच्या सत्रांतील प्रत्यक्ष संभाषणे तपासून हा भेद अधिक स्पष्ट केला. अपराधभावात लक्ष कृत्यावर असते, तर लज्जेत ते कृत्य करणाऱ्या ‘मी’वर असते. कृत्याची भरपाई करता येते. क्षमा मागता येते, घेतलेले परत करता येते. ‘मी’ची भरपाई कशी करणार? परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी ‘अभ्यास केला नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे मार्ग असतो; ‘मी नालायक आहे’ असे त्याला वाटते तेव्हा लपण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. भर वर्गात बोलणी ऐकविणाऱ्या शिक्षकाला बहुधा पहिली जाणीव अभिप्रेत असते आणि घडते दुसरी. लुईस यांचे आणखी एक निरीक्षण असे की, न ओळखलेली लज्जा पुष्कळदा संतापाचे रूप घेते. उपचारकाने तिला अपराधभाव समजून हाताळले, तर रुग्णाची अवस्था बिघडू शकते.

आत्मरती : झाकलेली लज्जा

लोकव्यवहारात आत्मरत माणूस म्हणजे स्वतःवर खूश असलेला, निर्लज्ज माणूस. ओव्हिडच्या कथेतील नार्सिसस मात्र तसा नाही. पाण्यातले रूप आपलेच आहे हे त्याला प्रारंभी कळतच नाही. ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे असे समजून तो त्याच्या प्रतिसादासाठी तळमळतो. हाइन्झ कोहुट (१९१३-१९८१) यांनी रंगविलेले चित्र या नार्सिससशी अधिक जुळते. मुलाच्या ‘बघा, मी कसा!’ या आविर्भावाला आईच्या डोळ्यांतील कौतुकाचे उत्तर मिळाले, तर त्यातून पुढे साधा आत्मविश्वास घडतो. ते उत्तर वारंवार नाकारले गेले, तर भव्यतेची ती मागणी कच्च्या स्वरूपात आत राहते. असा माणूस मोठेपणी श्रोते जमवीत राहतो. आणि किरकोळ दुर्लक्षानेही त्याचा जो भडका उडतो, त्याला कोहुट यांनी १९७२ साली आत्मरतिजन्य क्रोध म्हटले. दुखावणारा पूर्ण नामशेष होईपर्यंत तो शमत नाही.

ओटो कर्नबर्ग यांना हे चित्र फार सौम्य वाटले. त्यांच्या मते विकृत आत्मरतीचा गाभा मत्सर आणि आक्रमकता हा आहे. म्हणून उपचारकाने केवळ समजून न घेता रुग्णाच्या तुच्छतेचा अर्थ त्याच्यासमोर मांडला पाहिजे. १९८० साली अमेरिकन मनोविकारविज्ञान संघटनेच्या वर्गीकरणात आत्मरत व्यक्तिमत्त्वविकाराला स्थान मिळाले, तेव्हाही हा वाद चालूच होता. दोघांच्या रुग्णांची जातकुळी वेगळी असावी, असे मानण्यास जागा आहे. तथापि उद्दाम माणसाला चारचौघांत अपमानित करून त्याची ‘जिरवली’ म्हणजे तो सुधारेल, या सार्वत्रिक समजुतीला दोघांपैकी कोणाच्याही विवेचनात आधार सापडत नाही. त्या अपमानाने झाकलेली जखमच उघडी पडते.

प्रायोगिक मानसशास्त्रातून या विचाराला काही बळ मिळाले आहे. जून टँग्नी आणि रोंडा डिअरिंग यांच्या २००२ सालच्या पुस्तकात संकलित केलेल्या संशोधनानुसार, लज्जेकडे कल असलेल्या व्यक्तींत राग आणि दुसऱ्यावर दोष ढकलण्याची प्रवृत्ती अधिक आढळते. अपराधभावाकडे कल असलेल्यांत परानुभूती. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. त्यांच्या प्रश्नावलीतील अपराधभाव हा एखाद्या ठरावीक चुकीविषयीचा, दुरुस्तीकडे नेणारा पश्चात्ताप आहे. फ्रॉईड यांच्या रुग्णांना खाणारा अपराधभाव, ज्याला कृत्यच सापडत नाही आणि म्हणून भरपाईही करता येत नाही, तो त्या प्रश्नावलीच्या रकान्यांत बसत नाही.