डावखुरा नव्हे!

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला आमच्या शेजारच्या बिऱ्हाडी नातवाचे बोरन्हाण होते. बाळ नऊ महिन्यांचे. डोक्यावरून बोरे-चुरमुरे ओघळताच स्वारीने डाव्या हाताने बोरे टिपायला सुरुवात केली.

"डावखुरा होणार हो तुमचा नातू!" कोणीतरी म्हणाले. सारे हसले. बाळाची आई मात्र हसली नाही. उजवीकडे पडलेले बोरही ते डावा हात आडवा नेऊन उचलीत होते. उजवी मूठ मिटलेलीच.

तिची शंका खरी होती. मूल उजवे की डावखुरे, हे पहिल्या वर्षात सहसा ठरतच नाही. त्या वयात दोन्ही हात सारखेच उपद्व्यापी! एकच हात पुढे येत असेल, तर मागे राहिलेल्या हाताकडे पाहावे.

पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंकडे तिच्या सोबतीला मी गेले. वाटले, आता हातपाय ओढून पाहतील. पण बाई सतरंजीवर बसून चक्क खेळू लागल्या. खुळखुळा मुद्दाम उजवीकडे धरला. डावा हात अलगद धरून ठेवून उजवा येतो का, ते पाहिले. मग बाळाला पोटाखाली आधार देऊन जमिनीकडे झुकवले. या वयाचे मूल अशा वेळी दोन्ही हात पुढे पसरते. येथे एकच पसरला. उजवे पाऊल झटकन वर वाकवले, तर घोटा मध्येच अडला.

"मेंदूच्या डाव्या बाजूस इजा असावी," बाई म्हणाल्या. "उजव्या अंगाला हुकूम तिकडूनच सुटतात."

डॉक्टरांनी एमआरआय करविला. निदान तेच ठरले: एका अंगाची सेरेब्रल पाल्सी.

खरे तर याहूनही लवकर सुगावा लागतो. तीन ते पाच महिन्यांचे बाळ उताणे पडल्या पडल्या सर्वांगाने एक बारीक चुळबुळ करीत असते. ती दिसत नसेल तर तो धोक्याचा इशारा, हे हाइन्झ प्रेख्टल या डॉक्टरांच्या निरीक्षणांतून पुढे आले. त्यासाठी काही मिनिटांचे चित्रण पुरते. मात्र पाहणारा डोळा शिकलेला हवा.

उपचार म्हणजे रोज ठरावीक वेळ डाव्या हातावर मोजा चढवून उजव्याला खेळवायचे. आजीला ते बघवेना. "धडका हात बांधायचा?" म्हणून दोन दिवस अबोला धरला.

यंदा दिवाळीत नातू अडीच वर्षांचा झाला. डाव्या हाताने चकली मोडतो. उजवा अजून मागेच, पण ताटली धरून ठेवतो. मोजे मात्र आता आजीच विणते.