काळ्या डोळ्यांची मुलं आणि दारावरची टकटक

हॉस्टेलची लाइट गेली की भुताच्या गोष्टी सुरू होतात. हा नियम बहुतेक सगळ्याच कॉलेजांत सारखा असावा. पूर्वी या मैफलीत हडळ, खवीस, मुंजा असायचे. आता मोबाईलच्या कृपेने अमेरिकेतली भुतंही येऊन बसतात. त्यातली आमच्याकडे हमखास निघणारी गोष्ट म्हणजे ‘काळ्या डोळ्यांची मुलं’. तिच्याबद्दल थोडं वाचलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

गोष्ट साधीच आहे. रात्रीच्या वेळी एक-दोन मुलं दारावर किंवा गाडीच्या काचेवर टकटक करतात. ‘फोन करायचाय’, ‘घरी सोडा’ असं काहीतरी कारण सांगतात. बोलणं वयाच्या मानाने फारच मोठ्या माणसासारखं. मग त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष जातं. पांढरा भाग नाहीच, सगळा डोळा काळाकुट्ट! आणि महत्त्वाची अट म्हणजे तुम्ही ‘या’ म्हटल्याशिवाय ती आत येऊ शकत नाहीत.

लोककथेचा मूळ सांगणारा सहसा सापडत नाही. इथे तो सापडतो. टेक्सासमधल्या ॲबिलीन शहरातले पत्रकार ब्रायन बेथेल यांनी आपल्याला 1996 च्या सुमारास आलेला अनुभव इंटरनेटवर लिहिला. गाडीत बसलेले असताना दोन मुलांनी सिनेमाच्या पैशांसाठी घरी सोडायला सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर ‘आम्हालाही अशी मुलं दिसली’ म्हणणारे ठिकठिकाणी निघाले. 2014 मध्ये तर इंग्लंडच्या ‘डेली स्टार’ने कॅनक चेस जंगलातल्या काळ्या डोळ्यांच्या मुलीची बातमी थेट पहिल्या पानावर छापली.

अशा गोष्टींना ‘शहरी दंतकथा’ म्हणतात. अमेरिकन अभ्यासक यान हॅरोल्ड ब्रनवँड यांच्या 1981 च्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वांपर्यंत पोचला. त्यांनी दाखवलेली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनुभव नेहमी ‘मित्राच्या मित्राला’ आलेला असतो. जागा ओळखीची, माणूस मात्र कधीच हाताला लागत नाही.

पण ही गोष्ट अंगावर काटा का आणते? एक कारण डोळ्यांतच आहे. माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग इतर वानरवर्गीयांपेक्षा जास्त उघडा आणि ठळक असतो. त्यामुळे समोरचा कुठे बघतोय ते आपल्याला चटकन कळतं. तो भागच काढून टाकला तर याच्या मनात काय आहे, याचा अंदाजच लागत नाही. बाकी अंधारात बाहुली मोठी होते, गडद डोळे आणखी काळे दिसतात, आणि पूर्ण डोळा झाकणाऱ्या काळ्या लेन्स बाजारात मिळतात. तेव्हा एखाद्याला खरंच तसं दिसलं असेल, तरी भूतच मानायचं कारण नाही.

दुसरं कारण उंबरठा. हे तर आपल्याला नवीन नाहीच. रात्री कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हाकामारी असते, असं आजी सांगायची ना? इकडे कर्नाटकात नव्वदच्या दशकात लोक दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असं लिहायचे असं सांगतात. ‘स्त्री’ या 2018 च्या सिनेमात तीच युक्ती आहे. हाकामारी काय आणि टेक्सासची मुलं काय, दोघांनाही आपला होकार लागतो.

मला मात्र एक फरक टोचतो. आपला मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच मेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो, त्याला त्रासदायक मानतात, पण त्याच्या गोष्टीत अपुऱ्या आयुष्याची हळहळही असते. काळ्या डोळ्यांच्या मुलांना आई नाही, नाव नाही, कूळकथा नाही. उरतो एकच उपदेश: मदत मागणाऱ्या मुलाला दार उघडू नका.

‘गोष्टच तर आहे, त्यात काय!’ असं कोणी म्हणेल. पण गोष्ट खरी मानली की काय होतं ते दोनदा दिसलं आहे. ‘स्लेंडरमॅन’ हे उंच, बिनचेहऱ्याचं पात्र एरिक नुडसन यांनी 2009 मध्ये इंटरनेटवरच्या एका गमतीच्या स्पर्धेसाठी बनवलं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या वॉकेशा इथे बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याच्यासाठी म्हणून आपल्याच मैत्रिणीवर चाकूचे 19 वार केले. ती वाचली, हे नशीब.

दुसरी घटना आपल्याकडची. तिच्यात भूत नव्हतं, पण ‘मित्राच्या मित्राने पाठवलंय’ हाच प्रकार होता. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. दारावर आलेला अनोळखी माणूस म्हणजे संकटच, एवढंच जमावाच्या डोक्यात होतं.

म्हणून गोष्टी सांगू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. लाइट गेल्यावर आणखी करायचं तरी काय! पण फॉरवर्ड करण्याआधी ‘हे नक्की कोणाच्या बाबतीत घडलं?’ एवढं विचारू या. आणि खरंच रात्री एखादं घाबरलेलं मूल दारात आलं, तर एकट्याने निर्णय घ्यायची भीती वाटणं साहजिक आहे. अशा वेळी शेजारच्यांना हाक मारा, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा 112 वर फोन लावा, आणि मदत येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा. त्याचे डोळे काळे दिसले, तर ते बहुधा रडून आणि जागून झालेले असतील.