पिण्याचे पाणी, वाहणारे पाणी

सुरत आणि इंग्रजी यांचा संबंध जुना आहे. 1608 साली कॅप्टन हॉकिन्सचे जहाज तापीच्या मुखाशी आले, एवढे आपण सर्वांनीच शाळेत वाचलेले असते. परंतु या शहरात इंग्रजी शिकविणाऱ्यांमध्ये एक मराठी गृहस्थही होते, हे येथील मराठी माणसालाही सहसा ठाऊक नसते. 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर 1840 च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजी आदी मंडळींसह त्यांनी 1844 मध्ये येथेच मानवधर्म सभा स्थापन केली. (पुढे घरोघरी पोहोचलेली ‘भाषांतर पाठमाला’ दादोबांची नव्हे, आडनाव तेवढे एकच.) आपल्या व्यवसायाशीही या घराण्याचे नाते आहे. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक आणि 1867 मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक.

दादोबांची ही आठवण होण्यास बमरोलीतील एक रविवार कारण झाला.

बमरोली म्हणजे पांडेसरा औद्योगिक वसाहतीचा शेजार. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वसाहती. नंदुरबार, अमळनेर, जळगाव या बाजूंनी भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत. त्यांची मुले घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी किंवा गुजराती, आणि ओडिया वा उत्तर भारतीय शेजाऱ्यांशी हिंदी. तीन-चार भाषा लीलया हाताळणारी ही मुले इंग्रजीचा तास सुरू झाला की मान खाली घालतात. त्यांच्या बुद्धीत काही उणे नाही. इंग्रजी ही कोणाशी बोलण्याची भाषा नसून केवळ नापास होण्याचा विषय आहे, अशी त्यांची समजूत झालेली असते.

दवाखान्यावरील खोलीत रविवारी सकाळी तेरा ते सतरा वर्षांची चौदा-पंधरा मुले येतात. पाठ्यपुस्तक त्यांच्या शाळेत आहेच. म्हणून त्या दिवशी प्रत्येकाच्या हाती जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, एकेक पाकीट दिले. निवड सहेतुक होती. अख्ख्या लिटरसाठी असलेली 20.5 ग्रॅमची पूड एका पेल्यात कालवून लहान मुलास पाजणाऱ्या माता आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. अशा दाट द्रावणाने रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. पाकिटावर सूचना असते, पण ती बहुधा इंग्रजीत. आणि घरात ती वाचू शकेल असे कोणी असलेच, तर ते आठवी-नववीतले मूल.

पहिले वाक्य फळ्यावर लिहिले. ‘संपूर्ण पूड एक लिटर ड्रिंकिंग वॉटरमध्ये विरघळवा’ अशा अर्थाचे ते इंग्रजी वाक्य होते. एका मुलाने त्याचे भाषांतर ‘पिणारे पाणी’ असे केले. वर्गात हशा पिकला; पण मुलगा हटला नाही. मागच्या आठवड्यात ‘रनिंग वॉटर’ म्हणजे ‘वाहणारे पाणी’ असे सांगितले होते, मग ‘ड्रिंकिंग वॉटर’ हे ‘पिणारे पाणी’ का नव्हे, असे त्याने विचारले. प्रश्न बिनतोड होता. इतक्या वर्षांत इंग्रजीविषयी इतका चोख प्रश्न मला कोणी विचारला नव्हता!

उत्तर मी देण्यापूर्वीच गुजराती माध्यमातील एक मुलगी म्हणाली, “सर, पाणी वाहते, पण पाणी पीत नाही. आमच्यात पीवानुं पाणी म्हणतात.” पुढचे काम सोपे झाले. मराठीत ‘पिण्याचे’, गुजरातीत ‘पीवानुं’. मराठीचे चा-ची-चे, गुजरातीचे नो-नी-नुं आणि अहिराणीचे ना-नी-नं. अहिराणी येथे गुजरातीच्या किती निकट आहे, हेही मुलांना त्याच वेळी उमगले. एरवी अहिराणी उच्चारावरून शाळेत ज्यांची थट्टा होते, तीच मुले त्या दिवशी हिरिरीने उदाहरणे देत होती. इंग्रजीत दोन्ही अर्थांस रूप एकच. अर्थ ठरवायचा तो विचाराने. मग फळा भरत गेला : उकळते पाणी, झोपण्याची खोली, चालण्याची काठी, रडणारे बाळ. व्याकरणकार दादोबांना हा तास खासच रुचला असता.

त्यानंतर एक लिटर पाणी मोजण्याचा प्रयोग झाला. घरातील तांब्यात किती पाणी मावते, यावर बराच वाद झाला. तो बाटलीने मोजूनच मिटला. तयार द्रावण चोवीस तासांच्या आत वापरून उरलेले फेकून द्यावे, यातील ‘डिस्कार्ड’ हा शब्द दोन मुलींनी अहिराणीत आईला कसा सांगायचा, हे आपसांत ठरविले.

वर्ग सुटताना एक अबोल मुलगा थांबला. त्याने तळहातावर बॉलपेनने इंग्रजी अक्षरे उतरवून आणली होती : ‘कोरोझिव्ह’. वडील काम करतात तेथील पिंपावर तो शब्द आहे, असे तो म्हणाला. कपडा विरंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या तीव्र रसायनांवर हा इशारा असतो. शब्दकोशातील ‘क्षरणकारी’ हा प्रतिशब्द त्याला उपयोगी पडण्यासारखा नव्हता. ‘कातडी जाळणारे, अंगावर अथवा डोळ्यांत उडाल्यास ताबडतोब वाहत्या पाण्याने भरपूर वेळ धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे’ असे मराठीत सांगितले, त्याने ते कागदावर आपल्या अहिराणीत लिहून घेतले. ‘वाहत्या’ हा शब्द लिहिताना मात्र त्याने मान वर करून विचारले, “रनिंग वॉटर ना, सर?”

पुढील रविवारी मुले आपापल्या घरातील व वडिलांच्या कामावरील वेष्टने घेऊन येणार आहेत. सभासद बंधु-भगिनींनी औषधांची रिकामी खोकी व माहितीपत्रके फेकून न देता साठवून ठेवावीत, ही विनंती. सिरपची विशेष हवी आहेत. त्यांवरील वाक्ये छोटी असतात.