नाट्यत्रिकोण

परस्परसंघर्षात माणसे नकळत पत्करीत असलेल्या तीन अपायकारक भूमिका व त्यांची आपसांत होणारी अदलाबदल स्पष्ट करणारी मानसशास्त्रीय संकल्पना. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्हन कार्पमन यांनी ती १९६८ मध्ये मांडली. कार्पमन हे व्यवहार-विश्लेषण पद्धतीचे जनक एरिक बर्न (१९१०–७०) यांचे शिष्य. वरवर सरळ दिसणाऱ्या, परंतु छुपा हेतू असलेल्या आणि ठराविक शेवटाकडे जाणाऱ्या संभाषणास बर्न यांनी ‘खेळ’ अशी संज्ञा दिली होती. अशा खेळांत भाग घेणाऱ्यांच्या भूमिका कार्पमन यांनी तीनच कोनांत बसविल्या.

पीडक, त्राता व पीडित ह्या त्या भूमिका होत. पीडक दोष देतो व दरडावतो. त्राता न मागता मदतीस धावतो. पीडित आपल्याच्याने काही होणार नाही असे धरून चालतो. त्रात्याची भूमिका सर्वांत फसवी, कारण ती सद्‌गुणासारखी दिसते. प्रत्यक्षात तीत समोरच्याची कुवत नाकारलेली असते.

संकल्पनेचे मर्म मात्र भूमिकांच्या पालटात आहे. कार्पमन यांनी त्यासाठी परीकथांचे दाखले घेतले. हॅमेलिनचा पुंगीवाला आरंभी नगराचा त्राता असतो. ठरलेला मोबदला नाकारला जाताच तो पीडित होतो आणि मुलांना पळवून नेताना पीडक बनतो. घरोघरी असेच घडते. वडील मुलास अभ्यासावरून रागावतात. आई मध्ये पडून वडिलांनाच फैलावर घेते. मुलगा ‘तू मध्ये बोलू नकोस’ म्हणून तिच्यावर उलटतो. ती रडू लागताच वडील तिची बाजू घेतात. काही क्षणांत तिघांच्याही जागा बदललेल्या असतात. अभ्यासाचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आपण त्रिकोणात सापडल्याच्या काही खुणा सांगता येतात. सुचविलेल्या प्रत्येक उपायास ‘हो, पण...’ असे उत्तर मिळणे ही बर्न यांनीच वर्णिलेली खूण होय. ‘एवढे करूनही कोणाला किंमत नाही’ ही मदत करणाऱ्याची चीड ही दुसरी.

भूमिका बदलण्यासाठी इतरांनी आधी बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. एकाने आपली नेहमीची खेळी सोडली, तरी खेळ अडखळतो. एसी चॉय यांनी १९९० मध्ये मांडलेल्या ‘विजेत्यांच्या त्रिकोणा’त पीडकाच्या जागी ठामपणा, त्रात्याच्या जागी आस्था व पीडिताच्या जागी आपल्या अडचणीची प्रांजळ कबुली येते. ठाम व्यक्ती आपली मागणी स्पष्ट सांगते, पण शासन करू पाहत नाही. आस्था असणारी व्यक्ती ‘मदत हवी का?’ असे आधी विचारते व नकार मिळाल्यास तो मानते. अडचण कबूल करणारी व्यक्ती नेमके काय हवे ते मागते आणि मार्ग शोधण्याचे काम स्वतःकडे ठेवते.

प्रत्यक्ष मारहाण, शोषण वा धाक सोसणाऱ्यांना मात्र ही संकल्पना लावू नये. तेथील पीडितत्व ही वठविलेली भूमिका नसते. तिला खेळ म्हटल्यास अन्यायाची जबाबदारी तो सोसणाऱ्यावरच पडते. अशा प्रसंगी भूमिकांच्या विश्लेषणाआधी त्या व्यक्तीची सुरक्षितता व कायद्याचे संरक्षण यांची तजवीज करावी लागते.