तेच मीठ, उलटी करणी

29 एप्रिल 1978. नॉर्वेतल्या रिसा गावी एका शेतकऱ्याने बांधकामासाठी पाया खणला आणि निघालेली माती तळ्याच्या काठावर टाकली. तेवढ्या भाराने काठ निसटला. मग शेतं-घरांसकट जमीनच पातळ होऊन तळ्याकडे वाहत सुटली. पन्नास लाख घनमीटरांहून जास्त माती!

ही माती प्रयोगशाळेत पाहावी. न ढवळलेला गोळा वजन बिनतक्रार पेलतो. तोच काठीने ढवळा, पाण्याचा थेंबही न घालता ओतता येतो. आता त्यात थोडं मीठ टाका. पुन्हा घट्ट!

ही जादू कुठून आली? हिमयुगात हिमनद्यांनी खडक दळले. इलाइट या खनिजाच्या बारीक चकत्या खाऱ्या समुद्रात पडल्या. मिठामुळे त्या एकमेकींना चिकटल्या आणि तळाशी पत्त्यांचा बंगला उभा राहिला, पोकळ्यांत पाणी भरलेला. पुढे बर्फ वितळलं, ओझं उतरलेली जमीन समुद्रातून वर आली आणि हजारो वर्षं गोड्या पाण्याने तिच्यातलं मीठ धुऊन नेलं. बंगला उभाच, पण चिकटपणा गेलेला. इव्हान रोझेनक्विस्ट या नॉर्वेजियन भूवैज्ञानिकाने 1940च्या दशकात हे कोडं सोडवलं.

मग मुंबईच्या खाडीतला गाळ? त्यातलं मीठ धुतलं तर तोही असाच वाहील?

नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. आपला गाळ सह्याद्रीच्या बेसाल्टचा. त्यात भर माँटमोरिलोनाइटचा, म्हणजे उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्या काळ्या मातीतल्याच खनिजाचा. त्याचे थर इतके पातळ आणि सैल, की पाणी थेट थरांमध्ये शिरतं. इलाइटच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण 100 चौरस मीटर, याचं 800च्या आसपास. म्हणजे चिमूटभर मातीत साडेआठ हजार चौरस फूट! त्या सगळ्या पृष्ठभागावर पाणी लपेटलेलं असतं. मीठ हा पाण्याचा थर आवळून धरतं. मीठ गेलं की थर फुगतो आणि माती आणखी पाणी धरते. मीठ गेल्याने जी करामत इलाइटमध्ये होते, तिच्या नेमकी उलट!

म्हणून आपला गाळ वाहत नाही, खचतो. तोही वर्षानुवर्षं, कारण पाणी त्याच्यातून सुटता सुटत नाही. न्हावा-शेवा, नवी मुंबईत बांधकामाआधी गाळात उभ्या निचरा-पट्ट्या खोचतात आणि वर भराव रचून पाणी पिळून काढतात. पाण्याची वाट निम्मी केली की वेळ निम्मा नव्हे, चौथाई होतो. म्हणूनच पट्ट्या इतक्या दाटीने, साधारण मीटर-दीड मीटरवर लावतात.